पहिल्या बेसवरचा हातमोजा

क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक सोडला तर क्षेत्ररक्षण करणारा कोणीही हातमोजा घालत नाही. सॉफ्टबॉल आणि बेसबॉल या खेळांत मात्र क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊही खेळाडूंच्या एका हातात चामड्याचा मोजा असतो. हे नऊ मोजे नीट पाहिलेत तर त्यांतले दोन बाकीच्यांहून वेगळे दिसतील. या दोन मोज्यांना सुटी बोटे नसतात. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटांचा मिळून एकच पंजा आणि दोहोंच्या मध्ये चामड्याची जाळी, अशी त्यांची रचना असते. अशा मोज्याला ‘मिट’ म्हणतात. त्यांपैकी एक मिट फलंदाजाच्या मागे बसणाऱ्या कॅचरचा आणि दुसरा पहिल्या बेसवरच्या खेळाडूचा.

महाराष्ट्रात अनेक शाळांत सॉफ्टबॉल खेळला जातो. समजा, तुमच्या शाळेच्या संघासाठी पहिल्या बेसचा एक मिट विकत घ्यायचा ठरले. पैसे मोजकेच आहेत, म्हणजे निवड चुकून चालणार नाही. एक मित्र म्हणतो, “सर्वांत मोठा घ्या.” दुसरा म्हणतो, “सर्वांत मऊ घ्या.” तिसऱ्याच्या मते सर्वांत जाड तोच चांगला. यांपैकी कोणाचे खरे मानायचे? याचे उत्तर बरेचसे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. चला तर, ते शोधू.

आधी काम ओळखा

कोणतेही साधन निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो असा : या साधनाने नेमके कोणते काम करायचे आहे?

फलंदाजाने चेंडू जमिनीलगत मारला की तो पहिल्या बेसकडे धावत सुटतो. क्षेत्ररक्षक चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकतो. तिथला खेळाडू एक पाय बेसला टेकवून, शरीर ताणून चेंडू झेलतो. धावणारा बेसला पोचण्याआधी चेंडू मिटमध्ये पक्का बसला तर तो बाद, नाहीतर नाबाद. बेसबॉलमध्ये हे धावायचे अंतर ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर असते. सॉफ्टबॉलमध्ये ते ६० फूट, म्हणजे सुमारे १८.३ मीटर असते.

म्हणजे पहिल्या बेसवरच्या खेळाडूचे मुख्य काम दुसऱ्यांनी फेकलेले चेंडू घेणे हे होय. आणि घाईघाईने फेकलेला चेंडू नेहमी छातीवर थोडाच येतो? कधी तो डोक्यावरून जातो, कधी बाजूला जातो, तर कधी पायापुढे टप्पा खाऊन उसळतो. तो कसाही आला तरी हातातून निसटता कामा नये. मात्र चेंडू घेतल्यावर तो लगेच दुसरीकडे फेकण्याची वेळ या खेळाडूवर त्या मानाने कमी येते. दुसऱ्या बेसजवळच्या खेळाडूचे तसे नाही. त्याला चेंडू क्षणात मोज्यातून काढून फेकायचा असतो. म्हणून त्याचा मोजा लहान आणि उथळ असतो, तर पहिल्या बेसचा मिट लांब, खोलगट आणि पळीसारखा वळलेला असतो.

हात का दुखतो?

आता थोडे गणित करू. बेसबॉलच्या चेंडूचे वस्तुमान १४२ ते १४९ ग्रॅम असते. आपण ते १४५ ग्रॅम, म्हणजे ०.१४५ किलोग्रॅम धरू. क्षेत्ररक्षकाने तो सेकंदाला २५ मीटर, म्हणजेच ताशी ९० किलोमीटर वेगाने फेकला असे समजा. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. आकडे घालून पाहा. उत्तर सुमारे ४५ जूल येते.

चेंडू थांबवायचा म्हणजे ही ४५ जूल ऊर्जा काढून घ्यायची. त्यासाठी चेंडूवर कार्य करावे लागते. आणि कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. चेंडू उघड्या तळव्यावर आदळून २ सेंटिमीटरांत थांबला, तर सरासरी बल ४५ भागिले ०.०२, म्हणजे २,२५० न्यूटन होते. हे जवळजवळ २३० किलोग्रॅम वजनाइतके झाले! पण जाळी ताणली गेली, चामडे दबले आणि हातही थोडा मागे सरकला, असे सगळे मिळून चेंडूला थांबायला १५ सेंटिमीटर मिळाले तर? तेव्हा सरासरी बल अवघे ३०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३० किलोग्रॅम वजनाइतके होते. चेंडू तोच, वेग तोच, ऊर्जाही तीच. फक्त थांबण्याचे अंतर साडेसात पट झाले आणि बल साडेसात पट कमी झाले.

हीच गोष्ट वेळेच्या भाषेतही सांगता येते. पहिल्या प्रसंगी चेंडू थांबायला सुमारे ०.००१६ सेकंद लागला, तर दुसऱ्या प्रसंगी ०.०१२ सेकंद. दोन्ही वेळा संवेगातील बदल सारखाच आहे. तो बदल होण्यास जितका जास्त वेळ मिळतो तितके बल कमी लागते. न्यूटनचा गतिविषयक दुसरा नियम तो हाच.

याची प्रचीती घ्यायची असेल तर एका फुग्यात पाणी भरा आणि मोकळ्या जागी तो मित्राकडून झेला. हात ताठ ठेवलात तर फुगा फुटेल आणि तुम्ही भिजाल. हात फुग्याबरोबर मागे नेलात तर तो अलगद हातात येईल. चांगला मिट आणि सैल सोडलेला हात मिळून चेंडूच्या बाबतीत नेमके हेच करतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. ‘सर्वांत जाड तोच चांगला’ हे म्हणणे अपुरे आहे. जाड भरण दोन-चार सेंटिमीटरच दबणार. त्याहून किती तरी जास्त अंतर जाळीच्या ताणातून आणि हाताच्या हालचालीतून मिळते. म्हणून पहिल्या बेसच्या मिटमध्ये कॅचरच्या मिटइतके जाड भरण नसते. कॅचर जवळजवळ प्रत्येक चेंडू घेतो, त्याला गादीसारखा गोल मिट हवा. पहिल्या बेसवर हवी ती खोल जाळी.

आधी लाज, मग रूढी

या मोज्याचा इतिहासही मजेदार आहे. अमेरिकेत बेसबॉल सुरुवातीला उघड्या हातांनीच खेळत. बोटे मोडत, हात सुजत. पण मोजा घालणे भित्रेपणाचे लक्षण समजले जाई. सिनसिनाटीचा कॅचर डग ॲलिसन याने १८७०मध्ये हरणाच्या कातड्याचे मोजे वापरल्याची नोंद आहे. अल्बर्ट स्पाल्डिंग या नामवंत खेळाडूने १९११मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे, की सामन्यात मोजा घातलेला पहिला खेळाडू त्याने १८७५मध्ये बोस्टनला पाहिला. त्याचे नाव चार्ल्स वेट. मोजा कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून त्याने तो कातडीच्या रंगाचा निवडला होता. आणि हा वेट कोठे खेळत होता? पहिल्या बेसवर!

यात नवल नाही. ज्याच्या हातावर सर्वांत जास्त फेकी येतात, त्यालाच मोज्याची गरज आधी भासणार. पुढे १८७७मध्ये स्पाल्डिंग स्वतः पहिल्या बेसवर खेळू लागला, तेव्हा त्याने उघड उघड काळा मोजा घातला. एवढा मोठा खेळाडू मोजा घालतो म्हटल्यावर हसणारे गप्प झाले. नंतर १९२०च्या सुमारास बिल डोक या गोलंदाजाच्या सूचनेवरून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये वाद्यांची जाळी असलेला मोजा बाजारात आला. तोवर मोजा फक्त हाताचे रक्षण करी. आता तो चेंडू पकडू लागला.

लांबी किती असावी?

आता ‘सर्वांत मोठा घ्या’ म्हणणाऱ्या मित्राकडे वळू. मिटची लांबी तर्जनीच्या टोकापासून खळग्याच्या आतून मनगटाकडच्या कडेपर्यंत टेपने मोजतात आणि ती इंचांत सांगतात. बेसबॉलच्या अमेरिकन व्यावसायिक नियमांप्रमाणे पहिल्या बेसचा मिट १३ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ३३ सेंटिमीटरांपेक्षा लांब असू नये आणि तळव्याशी ८ इंचांपेक्षा रुंद असू नये. जाळी खोल करून मासे पकडण्याच्या जाळ्यासारखा सापळा बनवण्यासही मनाई आहे. वजनाला मात्र बंधन नाही. मोठ्या खेळाडूंचे मिट बहुधा १२.५ ते १३ इंचांचे असतात, तर दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी ११.५ ते १२ इंचांचे मिट मिळतात.

लांब मिटमुळे चेंडू लवकर मिळतो, असे पुष्कळांना वाटते. हिशेब करून पाहू. चेंडू सेकंदाला २५ मीटर वेगाने येत आहे आणि धावणारा सेकंदाला ७ मीटर वेगाने. मिट एक इंच, म्हणजे २.५ सेंटिमीटर लांब असला तर चेंडू सेकंदाच्या एक हजारांश भाग आधी मिळेल. तेवढ्यात धावणारा जेमतेम ७ मिलिमीटर जाईल. उलट, खेळाडू पाय बेसवर ठेवून १ मीटर पुढे ताणला गेला, तर चेंडू ०.०४ सेकंद आधी मिळतो आणि तेवढ्या वेळात धावणाऱ्याचे २८ सेंटिमीटर राहून जातात! तेव्हा वेळ वाचतो तो शरीर ताणल्याने, मिट लांब असल्याने नव्हे. लांबीचा खरा उपयोग निराळा आहे. बाजूला गेलेला किंवा टप्पा खाऊन आलेला चेंडू कवेत घेण्यासाठी ती कामी येते.

पण या लांबीची किंमत हाताला मोजावी लागते. तुम्ही ‘तरफ’ हा पाठ शिकलाच असाल. मिट मिटतो तो स्वयंपाकघरातल्या चिमट्यासारखा, म्हणजे तिसऱ्या प्रकारच्या तरफेसारखा. समजा, तुमची बोटे बिजागरीपासून ८ सेंटिमीटरांवर जोर लावतात आणि मिटचे टोक २४ सेंटिमीटरांवर आहे. मग टोकाशी तुमच्या जोराचा एक तृतीयांश भागच पोचणार. मिट आणखी लांब घेतला की हा भाग आणखी कमी होणार. शिवाय चेंडू मनगटापासून जितका दूर आदळेल, तितका तो मनगटाला अधिक पिरगाळणार. मोठ्या माणसांचा मिट साधारण ६०० ते ८०० ग्रॅम वजनाचा असतो. सातवीतल्या मुलीने तो तासभर हातात धरून पाहावा, म्हणजे ही किंमत कळेल.

म्हणून नियम असा : जो मिट तुमचा हात पूर्ण मिटवू शकतो, त्यांतला मोठ्यात मोठा घ्या. उघडाच राहणारा १३ इंची मिट हातात ताट धरल्यासारखा असतो. चेंडू त्यावर आदळतो आणि निघून जातो.

चेंडू कोणता?

बेसबॉलचा आणि सॉफ्टबॉलचा मिट एकच समजू नका. बेसबॉलच्या चेंडूचा घेर २३ सेंटिमीटरांच्या आसपास असतो. नेहमीच्या १२ इंची सॉफ्टबॉलचा घेर सुमारे ३०.५ सेंटिमीटर असतो. घेराला ‘पाय’ने भागा, म्हणजे व्यास मिळेल. तो बेसबॉलचा सुमारे ७.३, तर सॉफ्टबॉलचा सुमारे ९.७ सेंटिमीटर येतो. सॉफ्टबॉलचा चेंडू नावाप्रमाणे मऊही नसतो आणि हलकाही नसतो. त्याचे वस्तुमान १७८ ते १९८ ग्रॅम भरते.

बेसबॉलच्या मिटचा अरुंद खळगा या मोठ्या चेंडूला पुरत नाही. चेंडू खळग्यात न बसता त्याच्या काठांवर टेकतो आणि उसळून बाहेर पडतो. तेव्हा सॉफ्टबॉलसाठी रुंद खळग्याचा, सॉफ्टबॉलचाच मिट घ्यावा. दुकानात जाताना ज्या चेंडूने खेळायचे आहे तो चेंडू बरोबर न्यायला विसरू नका.

चामड्याची करामत

जनावराच्या कातड्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. हे तंतू विणलेल्या कापडासारखे सरळ ओळीत नसून सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. कच्चे कातडे कुजते आणि वाळल्यावर लाकडासारखे ताठ होते. म्हणून ते ‘कमावतात’. हिरडा, बाभळीची साल यांतील टॅनिन किंवा क्रोमियमचे क्षार तंतूंना जोडून बसतात. मग कातडे कुजत नाही. कोल्हापुरी चपलेचे कातडे असेच वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेले असते. कमावल्यावर तेल दिले की तंतू एकमेकांवरून सरकू शकतात आणि चामडे लवचीक होते.

चेंडू मिटवर आदळला की हे असंख्य तंतू किंचित सरकतात. त्यांच्या घर्षणात चेंडूच्या ऊर्जेची उष्णता होते; ती इतकी थोडी असते की हाताला कळतही नाही. काही ऊर्जा ‘थप्प’ अशा आवाजात जाते. रबराचा पडदा ऊर्जा साठवतो आणि चेंडूला परत देऊन टाकतो, म्हणून चेंडू उसळतो. चामडे ती परत देत नाही, म्हणून चेंडू मिटमध्येच राहतो. चामड्याचा दुसरा गुण असा, की पुन्हा पुन्हा दाब पडेल तिथे ते हळूहळू तो आकार धरते. मिट वापरता वापरता तुमच्या हाताचा होतो तो यामुळेच.

आता ‘सर्वांत मऊ घ्या’ या सल्ल्याचे काय? दुकानातच लुळा पडणारा मिट पहिल्या दिवशी छान वाटतो. पण त्याचा खळगा आकार धरून ठेवत नाही. फार ताठ मिट लहान हाताला मिटवताच येत नाही. मोठ्या जनावराचे जाड कातडे टिकाऊ आणि जड असते, तर कमी वयाच्या जनावराचे कातडे हलके आणि बारीक पोताचे असते. कृत्रिम चामड्याचा मिट स्वस्त आणि हलका असतो. लहान मुलांच्या सरावाला तो चालतो, पण खऱ्या चामड्यासारखा तो हाताचा आकार घेत नाही.

दुकानात काय पाहावे?

(१) मिट कोणत्या हातात घालायचा हे स्पष्ट विचारा. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा मिट डाव्या हातात असतो आणि डावखुऱ्याचा उजव्या हातात. नुसते ‘उजवा’ म्हटले की घोटाळा होतो. पहिला बेस ही डावखुऱ्यांची आवडती जागा आहे. तिथे फलंदाजाकडे तोंड करून उभे राहिले की मैदानाचा आतला भाग उजव्या हाताला येतो आणि डावखुऱ्याचा मिट त्याच हातात असतो. प्रसिद्ध खेळाडू लू गेरिग हा डाव्या हाताने फेकणारा असून पहिल्या बेसवरच खेळला.

(२) मिट हातात घालून दहा वेळा मिटवा आणि उघडा. अंगठ्याची आणि बोटांची कड एकमेकींना भिडली पाहिजे. दहाव्या वेळी हात थरथरू लागला तर लहान मिट पाहा.

(३) खळग्यात चेंडू ठेवून मिट मिटवा, तळवा जमिनीकडे करून हलवा. चेंडू पडता कामा नये.

(४) मिटची वरची कड जमिनीला टेकवून पाहा. ती लवून जमिनीला सपाट लागली, तरच टप्पा खाऊन येणारा चेंडू तिच्याखालून निसटणार नाही.

(५) जाळीच्या वाद्या ओढून पाहा. सगळा ताण त्यांच्यावरच येतो. वाद्या चामड्याच्या आणि सलग असाव्यात, गाठी पक्क्या असाव्यात. जाळी उघडी असली तर उंच चेंडू तिच्यातून दिसतो आणि माती गळून जाते. बंद असली तर ती जरा घट्ट असते. हा आवडीचा प्रश्न आहे.

संघासाठी एकच मिट घ्यायचा असेल, तर संघातल्या सर्वांत दणकट खेळाडूच्या हाताने निवड करू नका. पहिल्या बेसवर जे दोघे-तिघे आलटून पालटून उभे राहतात, त्यांतल्या सर्वांत लहान हाताला जो मिटवता येतो तो घ्या. मोठ्या हाताला लहान मिट चालवून घेता येतो. लहान हाताला मोठा मिट पेलत नाही आणि चेंडू बोटांच्या टोकावर बसून बोट दुखावते.

घरी आणल्यावर

नवा मिट लवकर मऊ व्हावा म्हणून काही जण तो गरम भट्टीत ठेवतात किंवा उन्हात टाकतात. असे कधीही करू नका. कोलॅजेनचे तंतू उष्णतेने आखडतात. ओले कच्चे कातडे ६० ते ६५ अंश सेल्सिअसलाच आखडते. टॅनिनने कमावलेले ओले चामडे ७० ते ८५ अंशांपर्यंत तग धरते, क्रोमियमने कमावलेले त्याहूनही जास्त. पण आखडण्याइतके ते तापले नाही तरी त्यातले तेल आणि ओलावा उडून जातात आणि ते कडक होऊन तडकते. तेलात भिजवणेही वाईट. मिट जड होतो आणि तंतू सैल पडतात. फडक्यावर थोडेसे चामड्याचे तेल घेऊन ते हलक्या हाताने चोळावे एवढे पुरे. खरा उपाय एकच : रोज पन्नास-शंभर चेंडू झेला. रात्री खळग्यात चेंडू ठेवून मिट सैलसर बांधून ठेवा. पावसाळ्यात मिट ओला झाला तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत, वाऱ्यावर वाळवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो कोंडलात तर बुरशी लागलीच म्हणून समजा.

आता सुरुवातीच्या तीन मित्रांकडे पुन्हा पाहा. कोणी लांबी पाहिली, कोणी मऊपणा, कोणी जाडी. पण ज्या हातात तो मिट जायचा आहे, तो हात कोणीच मोजला नाही. तेव्हा मिट घेण्याआधी एक काम करा. पहिल्या बेसवर खेळणाऱ्या प्रत्येकाच्या हाताची लांबी मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा आणि वहीत लिहून ठेवा. ती वही आणि खेळायचा चेंडू, एवढे घेऊन दुकानात गेलात तर निवड सहसा चुकणार नाही.